दीडशे ट्रेनिंग व्हिडिओ, मशीनवरचे क्यूआर स्टिकर आणि स्वस्त होस्टिंगची शोधाशोध: एक प्रकरण अभ्यास

कंपनी छोटीच. पॅकिंगची मशीनं बनवते, बरेच ग्राहक वेगवेगळ्या देशांत आहेत, आणि प्रत्येक मशीनबरोबर ऑपरेटरला शिकवायला व्हिडिओ देते. रोल कसा चढवायचा, सीलिंगचं तापमान कसं सेट करायचं, सेन्सर कसा पुसायचा, एरर आला तर आधी काय बघायचं असले सगळे. साधारण दीडशे व्हिडिओ, सरासरी सहा मिनिटांचे, म्हणजे झाली ९०० मिनिटं. त्याशिवाय वेबसाइटवर दाखवायचे आठ-दहा जाहिरातीवजा व्हिडिओ, आणि होमपेजवर मागे सतत फिरणारी एक वीस सेकंदांची क्लिप. मला काम मिळालं ते एका ओळीचं होतं, "स्वस्तातलं व्हिडिओ होस्टिंग बघून दे."

आता असं कोणी म्हटलं की लोक लगेच दहा सर्विसची नावं काढतात, एक्सेल शीट बनवतात, किमतीचा कॉलम लावतात आणि सगळ्यात खालची निवडतात. इथे तसं केलं असतं तर फुकटवालं जिंकलं असतं, आणि कंपनी आधीपासून फुकटवाल्यावरच होती की! सगळे व्हिडिओ यूट्यूबवर अनलिस्टेड, म्हणजे सर्चमध्ये न दिसणारे, ठेवलेले, लिंक व्हॉट्सॅपवर पाठवायची, काम झालं. मग बदलायचं का, तर तक्रारी तीन होत्या आणि तिन्ही वेगवेगळ्या माणसांच्या. सर्विस हेड म्हणत होता की निम्म्या ग्राहकांच्या फॅक्टरीत ऑफिसच्या नेटवर्कवर ती साइटच ब्लॉक आहे, ऑपरेटर स्वतःच्या मोबाइल डेटावर बघतो किंवा बघतच नाही आणि सरळ सर्विसला फोन लावतो. मार्केटिंगवाली म्हणत होती की व्हिडिओ संपला की दुसरंच काहीतरी पुढे येतं, ग्राहकासमोर लाज जाते. आणि मालकांचं म्हणणं, की मेंटेनन्सचे व्हिडिओ कुठल्या कुठे फिरतायत, स्पर्धकाच्या माणसाकडेसुद्धा लिंक असेल, कोण अडवणार.

तिसरी तक्रार सगळ्यात जोरात मांडली गेली पण खरी अडचण पहिली होती, हे मला सर्विसच्या दोन मुलांशी बोलल्यावर कळलं. व्हिडिओ न दिसल्यामुळे एक इंजिनिअर विनाकारण प्रवास करतो, त्या एका फेरीच्या खर्चात कुठल्याही होस्टिंगचं बऱ्याच महिन्यांचं बिल निघतं. म्हणजे "स्वस्त" मोजायचं तर ते बिलावर नाही, फोन किती कमी झाले त्यावर. पण ते मीटिंगमध्ये पटवायला जरा वेळ लागला.

आधी फुकटवाल्याबद्दल बोलून घेऊ, कारण प्रत्येक जण तिथूनच सुरू करतो. यूट्यूब वाईट आहे असं अजिबात नाही, उलट प्लेअर म्हणून त्याच्याइतकं भक्कम दुसरं काही सापडणार नाही, व्हेरिफाय केलेल्या अकाउंटवर १२ तासांपर्यंतचा व्हिडिओ चालतो, कमी नेटवर धकतो, सबटायटल घालता येतात. पण ते स्वतःच्या धंद्यासाठी चालतं, तुमच्या नाही. अनलिस्टेड म्हणजे प्रायव्हेट नव्हे, लिंक ज्याच्याकडे तो बघणार. पुढचे व्हिडिओ दाखवू नको म्हणून लोक एम्बेडच्या लिंकला (म्हणजे व्हिडिओ स्वतःच्या साइटवर बसवायच्या लिंकला) जे रिलेटेड बंद करायचं सेटिंग जोडायचे त्याचा अर्थ २०१८ मध्येच बदलला, आता त्याने फार तर तुमच्याच चॅनलचे व्हिडिओ सुचवले जातात, सुचवणं बंद होत नाही. आणि तुम्ही पैसे कमवत नसाल तरी तुमच्या व्हिडिओवर जाहिरात लावायचा हक्क त्यांनी २०२० च्या नोव्हेंबरमध्ये अटींत घालून घेतला, आधी अमेरिकेत आणि मग २०२१ मध्ये बाकीकडे. २०२१ च्या जुलैत तर २०१७ च्या आधीचे अनलिस्टेड व्हिडिओ आपोआप प्रायव्हेट केले गेले, ज्यांनी वेळेत नको म्हणून कळवलं नाही त्यांच्या जुन्या लिंका बंद. कारण सुरक्षिततेचं होतं, चांगलंच होतं, पण ज्याने ती लिंक छापील कागदावर दिलीये त्याला काय उपयोग.

छापील म्हटल्यावर इथली गंमत सांगायला हवी, कारण पूर्ण निर्णय तिच्याभोवती फिरला. कंपनी प्रत्येक मशीनवर क्यूआर कोडचे स्टिकर लावते. सीलिंग युनिटजवळ एक, रोलजवळ एक, पॅनेलच्या दाराच्या आत एक. ऑपरेटरने मोबाइल धरला की तिथला व्हिडिओ उघडतो. कल्पना भारी आहे, मला मनापासून आवडली. फक्त त्या कोडमध्ये थेट प्लॅटफॉर्मची लिंक भरलेली होती. मशीन पंधरा वर्षं चालतं, स्टिकर तेलकट हातांनी घासून घासून दहा वर्षं तरी टिकतं, आणि त्याच्या मागची लिंक ज्याच्या मालकीची आहे तो पुढच्या वर्षी काय करेल ते कोणालाच माहीत नाही. शिवाय व्हिडिओत सुधारणा करायची तर यूट्यूबवर त्याच लिंकवर नवी फाइल टाकता येत नाही, नवीन अपलोड म्हणजे नवीन लिंक म्हणजे जुनं स्टिकर फुकट. सर्विसवाल्यांनी यावर तोडगा काय काढला होता, तर जुना व्हिडिओ तसाच ठेवायचा आणि खाली वर्णनात लिहायचं की स्टेप चार आता अशी करा. ऑपरेटर ते वर्णन वाचणार! हसावं की रडावं.

म्हणून कुठली सर्विस हे ठरायच्या आधीच पहिली गोष्ट पक्की केली. स्टिकरवर फक्त कंपनीच्या स्वतःच्या डोमेनची छोटी लिंक जाणार, म्हणजे कंपनीचं नाव, तिरपी रेघ, मशीनचा कोड आणि भागाचा नंबर. ती लिंक उघडली की कंपनीच्याच साइटवरचं साधं पान, त्यात प्लेअर. व्हिडिओ आज इथे, उद्या तिथे, स्टिकरला पत्ताच लागायला नको. याला पैसे लागत नाहीत, एक रीडायरेक्टचा तक्ता, म्हणजे कुठली छोटी लिंक कुठे न्यायची त्याची यादी, आणि अर्ध्या दिवसाचं काम. होस्टिंग भाड्याचं असलं तरी चालेल, पत्ता आपला पाहिजे.

मग वापर मोजला. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच कोणी करत नाही, पण याशिवाय कुठल्याही किमतीला अर्थ नाही. जुन्या प्लॅटफॉर्मच्या आकडेवारीत महिन्याला किती मिनिटं पाहिली गेली ते मिळतंच. महिन्याला साधारण ४०० माणसं, प्रत्येकी चाळीसेक मिनिटं, म्हणजे १६,००० मिनिटं. आता याचे जीबी करायचे. ७२०पी चा व्हिडिओ सेकंदाला दीड मेगाबिटच्या आसपास धरला तर मिनिटाला ११ एमबी, म्हणजे महिन्याला १८० जीबीच्या आत-बाहेर. सगळ्यांनी १०८०पी मध्ये बघितलं आणि ४ मेगाबिट लागले तर मिनिटाला ३० एमबी, म्हणजे ४८० जीबी. मेगाबिट आणि मेगाबाइटमध्ये आठचा फरक आहे एवढं लक्षात ठेवलं की बाकी गणित सातवीतलं आहे, पण मीटिंगमध्ये याच आठवर बराच वेळ गेला.

हे दोन आकडे हातात आले की मग सर्विसेसकडे बघायला मजा येते, कारण प्रत्येकाची पैसे मोजायची तऱ्हा वेगळी.

एक जात म्हणजे वर्षाचा ठराविक प्लॅन, किती माणसं वापरणार आणि किती सोयी पाहिजेत त्यावर. व्हिमिओ यातलं. डोमेन लॉक आहे, म्हणजे तुमच्याच साइटवर व्हिडिओ चालेल असं बांधता येतं, आणि मुख्य म्हणजे त्याच लिंकवर नवी फाइल बदलता येते, जी आपल्याला हवीच होती. २०२२ मध्ये यांचा मोठा गाजावाजा झाला होता, जास्त बँडविड्थ खाणाऱ्या, म्हणजे ज्यांचे व्हिडिओ बघताना खूप डेटा जातो अशा, काही क्रिएटर लोकांना अचानक मोठ्या रकमेचे करार करा नाहीतर निघा असं सांगितलं गेलं, मग कंपनीने माफी मागितली आणि महिन्याला २ टीबी (२००० जीबी) ही रेषा सगळ्यांना कळेल अशी स्पष्ट केली. आपला वापर त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढाही नाही, तेव्हा तो मुद्दा आपल्याला लागू नव्हता, उगाच भीती घालण्यात अर्थ नाही. पण २०२५ च्या सप्टेंबरमध्ये बेंडिंग स्पून्स ही सॉफ्टवेअर कंपनी व्हिमिओ विकत घेत असल्याचं जाहीर झालं, आणि याच कंपनीने एव्हरनोट हे नोट्सचं ॲप घेतल्यावर त्याचे दर वाढवले होते. इथेही तसंच होईल असं मी म्हणत नाही, पण वर्षाचे पैसे आधी भरून दीडशे व्हिडिओ तिथे नेऊन बसवायचे तर हा विचार डोक्यात येणारच.

विस्टियाही याच जातीतलं, मार्केटिंगवालीचं लाडकं. व्हिडिओच्या मध्येच फॉर्म दाखवून नाव-ईमेल घेता येतं, कुणी कुठलं सेकंद परत परत पाहिलं त्याचा हीटमॅप मिळतो. चीज चांगली आहे, पण जाहिरातीचे व्हिडिओ मोजून आठ-दहा. मी विचारलं, हीटमॅप आठवड्याला कोण बघणार? मग जरा शांतता झाली. जी सोय कोणी बघणार नाही तिचे पैसे म्हणजे देणगीच.

दुसरी जात वापराप्रमाणे बिल लावणारी. क्लाउडफ्लेअर स्ट्रीम मिनिटांवर मोजतं: साठवलेल्या दर १००० मिनिटांना महिन्याला ५ डॉलर आणि पाहिलेल्या दर १००० मिनिटांना १ डॉलर. आपलं गणित सरळ, साठवणीचे ५ आणि पाहण्याचे १६, झाले २१. ७२०पी बघा नाहीतर १०८०पी, बिल तेच, आणि हे फार सुखाचं आहे कारण अंदाज चुकायला जागाच नाही. बनी डॉट नेट जीबीवर मोजतं, साधं एन्कोडिंग (एका व्हिडिओचे वेगवेगळे साइझ बनवणं) फुकट, आणि दर भागाप्रमाणे बदलतो. आम्ही बघितलं तेव्हा युरोप-उत्तर अमेरिकेत जीबीला १ सेंट, आशियात ३, मध्यपूर्व-आफ्रिकेत ६ असा होता. ग्राहक सगळीकडे विखुरलेले म्हणून मधला ३ धरला, १८० जीबीचे साडेपाच डॉलर, सगळ्यांनी १०८०पी बघितलं तरी साडेचौदा, वर साठवण किरकोळ.

तिसरा पर्याय प्रत्येक मीटिंगमध्ये कोणीतरी काढतंच, "आपलं वेब होस्टिंग अनलिमिटेड आहे ना, एमपी४ टाकून द्या तिकडेच." अनलिमिटेडच्या खाली बारीक अक्षरात फेअर यूज असतं हे एक, पण ते सोडा. खरी गोष्ट अशी की एकच एमपी४ म्हणजे सगळ्यांना एकच क्वालिटी. स्ट्रीमिंग सर्विस व्हिडिओचे चार-पाच साइझ बनवते, प्रत्येकाचे काही सेकंदांचे तुकडे करते आणि प्लेअर नेटचा वेग बघून पुढचा तुकडा कुठल्या साइझचा मागवायचा ते ठरवतो. ॲपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस म्हणतात ती हीच पद्धत. फॅक्टरीच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, एकच काडी रेंज असताना हा फरक कळतो: एकीकडे चित्र थोडं धूसर होतं पण चालू राहतं, दुसरीकडे गोल गोल फिरत बसतं. गूगल ड्राइव्हही कोणीतरी सुचवलं. ड्राइव्ह फाइल ठेवायला आहे, एकाच फाइलवर खूप माणसं आली की ते पाहणं काही काळ अडवतं, ट्रेनिंगच्या दिवशी तसं झालं म्हणजे संपलंच.

आता मालकांची चोरीची काळजी. यावर ते डीआरएम पाहिजेच म्हणून बसले होते, कोणीतरी कानावर घातलं असणार. डीआरएम म्हणजे गूगलचं वाइडवाइन, ॲपलचं फेअरप्ले असली कुलपं, ती लावली की डाउनलोड आणि बऱ्याच डिव्हाइसवर स्क्रीन रेकॉर्डिंग अडतं, पण खर्च वाढतो, जुन्या डिव्हाइसवर कधी चालतं कधी नाही, आणि शेजारच्याने दुसरा मोबाइल समोर धरून शूट केलं तर जगातलं कुठलंही कुलूप काही करू शकत नाही. मी उलटा प्रश्न केला, सर, सेन्सर कसा पुसायचा हा व्हिडिओ स्पर्धकाने बघितला तर नुकसान काय? बराच वेळ चर्चा झाल्यावर निघालं की खरे नाजूक व्हिडिओ दहा-बाराच आहेत, ज्यात पॅनेलच्या आतली सेटिंग आणि कॅलिब्रेशन दाखवलंय, आणि ते ऑपरेटरसाठी नाहीतच, स्वतःच्या इंजिनिअरसाठी आहेत.

त्यावरून व्हिडिओंचे ढीग वेगळे पडले आणि मग बाकीचं भराभर ठरत गेलं. जाहिरातीचे व्हिडिओ यूट्यूबवरच, तेही पब्लिक, कारण ते लोकांना सापडायलाच हवेत आणि तिथे सर्च आहे, त्याचे पैसे कशाला द्यायचे. ऑपरेटरचे व्हिडिओ बनीवर, डोमेन लॉक लावून. इंजिनिअरचे दहा-बारा तिथेच पण वेगळ्या लायब्ररीत, टोकन लावून, म्हणजे लॉगिन केल्यावर कंपनीचा सर्व्हर सही केलेली लिंक देतो आणि ती काही तासांनी मरते, त्यामुळे व्हॉट्सॅपवर फॉरवर्ड केली तरी संध्याकाळपर्यंत कचरा. आणि होमपेजची फिरती क्लिप स्ट्रीमिंगवर ठेवायचीच नाही, आवाज काढून, दाबून दोन एमबीच्या आत आणून साध्या फाइलसारखी साइटवरच ठेवली. होमपेजवर येणाऱ्या प्रत्येकाला आपोआप सुरू होणारा व्हिडिओ वापरावर बिल लावणाऱ्या सर्विसवर ठेवला तर कोणी न बघता बिल वाढतं.

क्लाउडफ्लेअर का नाही, असं कोणी विचारेल तर प्रामाणिक उत्तर असं की तेही चाललं असतं. बनी या वापराला स्वस्त पडलं आणि आधी पैसे भरायची पद्धत मालकांना पटली, खात्यात असतील तेवढेच खर्च होणार. त्याची दुसरी बाजूही आहे, शिल्लक संपली की व्हिडिओ बंद, म्हणून ऑटो रिचार्ज लावला आणि शिल्लक कमी झाल्याचा मेल अकाउंट्सला नाही तर सर्विस हेडला जाईल असं केलं. अकाउंट्सला गेलेले मेल महिनाअखेरीला उघडतात.

सगळं हलवायच्या आधी चार-पाच व्हिडिओंवर टेस्ट केली, आणि ती ऑफिसच्या वायफायवर नाही. दोन नेहमीच्या ग्राहकांच्या फॅक्टरीत, मशीनसमोर, ऑपरेटरच्याच साध्या मोबाइलवर. नेटवर्कवर ब्लॉक नव्हतं, हे महत्त्वाचं होतं ते जमलं. पण दोन गोष्टी वेगळ्याच निघाल्या. पहिली, काही मोबाइलवर स्कॅनरच्या ॲपमधूनच पान उघडतं आणि ते ॲप कुठल्या साइटवरून आलो हे पुढे पाठवतच नाही, डोमेन लॉक नेमकं तेच बघतं, त्यामुळे व्हिडिओ काळा. मग ऑपरेटरच्या ढिगावर डोमेन लॉक ढिलं करावं लागलं, ती माहिती आलीच नाही तर चालू द्यायचं, दुसऱ्या साइटवरून आलं तर अडवायचं. थोडी गळती मान्य, आणि त्या ढिगात लपवण्यासारखं काही नव्हतंच. दुसरी गोष्ट, मशीन चालू असताना आवाजच ऐकू येत नाही! सगळे व्हिडिओ बोलून समजावणारे. मग सबटायटल आले, वेबव्हीटीटीच्या (वेबवरच्या सबटायटलच्या) फाइली, पाच भाषांत, आणि खरं सांगायचं तर होस्टिंगपेक्षा जास्त वेळ आणि पैसा त्यातच गेला. पण फोन कमी झाले ते त्यामुळे, हे सर्विस हेड आजही मानतो.

मूळ फाइलींचाही एक प्रश्न होता. जुन्या प्लॅटफॉर्मवरून परत डाउनलोड केलं तर दाबलेली कॉपी मिळते, ती नव्या ठिकाणी चढवली की परत दाबली जाते, चित्र पिठासारखं होतं. शूटिंगवाल्याच्या हार्डडिस्कवर बऱ्याच मूळ फाइली मिळाल्या, ज्या नाही मिळाल्या त्यातल्या महत्त्वाच्या परत शूट केल्या. आता मूळ फाइल कंपनीच्या दोन डिस्कवर आणि एका स्वस्त क्लाउड स्टोरेजमध्ये, नावाला मशीनचा कोड. उद्या सर्विस बदलायची ठरली तर तिथून चढवायचं आणि रीडायरेक्टचा तक्ता बदलायचा.

सुरुवातीचे महिने बिल अंदाजाच्या आसपासच आलं, आणि मग एका महिन्यात जवळजवळ दुप्पट. सगळे घाबरले, हॅक झालं, कोणीतरी डाउनलोड करतंय, मालकांचं डीआरएम परत वर आलं. आकडेवारी उघडली तर एकच व्हिडिओ, इंटरनेटचा एकच आयपी पत्ता, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. कंपनीच्याच रिसेप्शनवर नवा टीव्ही बसवला होता आणि त्यावर मशीनचा व्हिडिओ ब्राउझरमधून लूपमध्ये लावला होता, प्लेअर प्रत्येक फेरीला तुकडे परत मागवत होता. दिवसाला दहा तास, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे १५,६०० मिनिटं. चारशे ऑपरेटर मिळून जेवढं बघतात जवळजवळ तेवढं एकट्या टीव्हीने पाहिलं, आणि तेही समोर बहुतेक वेळ कोणी बसलेलं नसताना. फाइल पेनड्राइव्हवर टाकून टीव्हीला लावली, पुढच्या महिन्यात बिल खाली. तेव्हापासून रोजच्या वापराची मर्यादा ओलांडली की मेल येतो असं करून ठेवलंय, छोटी स्क्रिप्ट आहे, त्यांच्या एपीआयवरून (प्रोग्रॅमला थेट माहिती देणाऱ्या सोयीवरून) आकडा वाचते.

जुने स्टिकर एकदम बदलता येणार नव्हते, मशीनं जगभर पसरलेली. म्हणून जुने अनलिस्टेड व्हिडिओ काढले नाहीत, प्रत्येकाच्या वर्णनात आणि पहिल्या कमेंटमध्ये नव्या पानाची लिंक टाकली, आणि इंजिनिअर ज्या मशीनवर सर्विसला जाईल तिथे नवे स्टिकर चिकटवून येतो, सर्विस रिपोर्टच्या फॉर्ममध्ये त्याचा एक रकाना वाढवलाय. अजून बरीच मशीनं बाकी आहेत. मध्ये मालकांनी बाहेरच्या टेक्निशियन लोकांना पैसे घेऊन कोर्स विकायचा विषय काढला, तो झाला तर मात्र डीआरएम आणि ज्याने लॉगिन केलंय त्याचं नाव व्हिडिओवर तरंगत ठेवणं, दोन्हीचा विचार करावा लागेल, आणि तो ढीग ऑपरेटरच्या ढिगात मिसळायचा नाही, त्याची लायब्ररी आणि बिल सुरुवातीपासून वेगळं, असं आत्ताच लिहून देऊन ठेवलंय.